दोन्ही पाच नंबर: लेस्नीच्या मॅचबॉक्स गाड्यांची गोष्ट

तुमचा प्रश्न असा आहे. वडील मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी लंडनहून तुमच्यासाठी आणलेल्या चिमुकल्या गाड्या रत्नागिरीच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडल्या. त्यात एक लाल डबलडेकर बस आहे, बाजूला 'व्हिस्को-स्टॅटिक' तेलाची जाहिरात असलेली, आणि एक गुलाबी लोटस युरोपा. दोन्हींच्या पोटाखाली 'मॅचबॉक्स', 'लेस्नी' आणि 'मेड इन इंग्लंड' अशी अक्षरं आहेत आणि दोन्हींवर क्रमांक ५ आहे. मग यातली एक नकली आहे का? ही लेस्नी म्हणजे नेमकं कोण? इतकं सुबक काम करणारी कंपनी बुडाली कशी? आणि बसचा रंग उडालाय तर तो नव्याने मारून घ्यावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. तुम्ही वर्णन केलंय त्याप्रमाणे दोन्ही गाड्या अस्सल असायला हव्यात. लेस्नीच्या मुख्य मालिकेत १ ते ७५ एवढेच क्रमांक होते. एखादी गाडी बंद झाली की तिचा क्रमांक नव्या गाडीला मिळायचा. तुमची बस रूटमास्टर जातीची, १९६५ सालची. १९६९ मध्ये ती ५ क्रमांकावरून उतरली आणि तिच्या जागी लोटस आली. त्या दोन गाड्यांच्या मधल्या तीन-चार वर्षांत लेस्नीवर जे गुदरलं, त्यात तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. म्हणून त्या दोन्ही गाड्या समोर ठेवूनच हे वाचा.

मी भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवणाऱ्या विभागात, बत्तीस वर्षं जस्ताच्या डायकास्टिंगचे साचे बनवण्यात घालवली. डायकास्टिंग म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरून तुकडा ओतणं. कुलपांचे भाग, स्कूटरच्या कार्ब्युरेटरची अंगं, नळांच्या मुठी. मॅचबॉक्स गाड्या जमवायला लागलो तो लहानपणीच्या आठवणींपोटी नव्हे, आमच्या घरी त्या कधी नव्हत्याच. एका जुन्या गाडीची पार्टिंग लाइन बघून मी थक्क झालो, तिथून ही आवड लागली. पार्टिंग लाइन म्हणजे साच्याचे दोन अर्धे जिथे मिटतात तिथे तुकड्यावर उमटणारी रेघ. ती गाडीच्या खिडकीखालच्या पट्टीत अशी बेमालूम दडवली होती की ती शोधायला मला भिंग घ्यावं लागलं. त्यामुळे माझं उत्तर टूलरूमच्या बाजूने झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो. पण लेस्नीच्या बाबतीत ती बाजूच खरी बाजू आहे असं माझं पक्कं मत आहे. खेळण्यांची म्हणून जगाला माहीत असलेली ही कंपनी मुळात डायकास्टिंगचं वर्कशॉप होती, आणि तिचं मोठेपण आणि तिची चूक दोन्ही तिथूनच आली.

लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ हे शाळेपासूनचे मित्र. आडनाव एकच, पण नातं काही नाही. दोघेही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते. युद्धानंतर १९ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी कंपनी काढली. लेस्लीतला 'लेस' आणि रॉडनीतला 'नी' मिळून लेस्नी. पुढे 'प्रॉडक्ट्स' हा मोघम शब्द लावला, कारण काय बनवायचं ते अजून ठरलं नव्हतं. भांडवल सुमारे सहाशे पौंड. जागा उत्तर लंडनमधल्या एडमंटन भागात, 'द रायफलमन' नावाच्या पडक्या पबमध्ये. तिथे त्यांनी डायकास्टिंगचं यंत्र बसवलं आणि दुसऱ्या कारखान्यांना लागणारे बारीकसारीक सुटे भाग ओतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे भोसरी किंवा कुर्ल्याच्या गाळ्यांत आजही असे जॉबवर्कचे धंदे उभे राहतात, तसाच हा होता.

लवकरच त्यांना जॅक ओडेल येऊन मिळाला, आणि माझ्या लेखी लेस्नीची खरी सुरुवात ती. लेस्ली स्मिथ हिशेबाचा, विक्रीचा माणूस. ओडेल हातांचा. कॉलेजात इंजिनिअरिंग न शिकलेला, पण पोलादात उलटा आकार कोरायचा म्हणजे काय हे बोटांना कळणारा. साचा बनवणाऱ्याला सगळं उलटं दिसावं लागतं: तुकड्यावरचा उंचवटा म्हणजे साच्यात खळगा, तुकड्यावरचं अक्षर म्हणजे साच्यात आरशातलं अक्षर. हे काही जणांना शिकवूनही येत नाही. ओडेलला ते उपजत होतं.

खेळण्यांकडे ते वळले ते हिशेबापायी. वर्षअखेरीला कारखाने करासाठी गोदामातला माल कमी दाखवायला बघत, म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत सुट्या भागांच्या ऑर्डरी आटत. यंत्र थंड पडलेलं कुठल्याच कास्टिंगवाल्याला सोसत नाही. नाताळ तर तोंडावर असायचा. तेव्हा आसपासच्या इतर डायकास्टिंगवाल्यांसारखी त्यांनीही खेळणी ओतून पाहिली. १९४८ मध्ये रस्ता दाबणारा रोलर निघाला, मागोमाग सिमेंट मिक्सर आणि बुलडोझर. हे अजून तळहाताएवढे होते, काडेपेटीएवढे नव्हते. पुढे कोरियन युद्धामुळे जस्तावर निर्बंध आले आणि खेळण्यांसाठी ते वापरणं थांबलं. त्याच सुमारास, १९५१ मध्ये, रॉडनी स्मिथ आपला वाटा काढून घेऊन बाहेर पडला. ज्याच्या नावाचं शेपूट कंपनीला शेवटपर्यंत राहिलं, तो मॅचबॉक्स जन्माला यायच्या आधीच गेला.

मग ती बग्गी. ओडेलने राजघराण्याच्या बग्गीचा मोठा साचा आधीच तयार केला होता, आत राजा आणि राणी दोघे बसलेले. निर्बंधांमुळे तो पडून राहिला. निर्बंध उठले तोवर फेब्रुवारी १९५२ मध्ये राजे सहावे जॉर्ज वारले होते. राज्याभिषेक आता एकट्या राणीचा होणार. म्हणून साच्यात दुरुस्ती करून राजाची आकृती काढली, पण पाय तसेच राहिले. अशा दुरुस्त्या मी स्वतः केल्या आहेत. साच्यात धातू भरून खळगा बुजवणं सोपं असतं, पण शेजारची नक्षी न दुखावता किती बुजवायचं हा प्रश्न असतो. पायांपाशी हात का थांबला असेल हे मला अगदी समजू शकतं. त्या मोठ्या बग्गीनंतर तिचीच छोटी आवृत्ती काढली आणि १९५३ च्या राज्याभिषेकाच्या हंगामात ती दहा लाखांहून जास्त खपली. लहान वस्तू, कमी धातू, कमी किंमत आणि प्रचंड खप, हे गणित कंपनीला त्या बग्गीने शिकवलं.

काडेपेटीची कल्पना ओडेलच्या मुलीमुळे सुचली असं सांगतात. तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. बापाने आपल्याच रोलरची छोटी प्रतिकृती पितळेत घडवून काडेपेटीत घालून दिली. ती बघून वर्गातल्या सगळ्यांना तशीच हवी झाली. १९५३ मध्ये पहिल्या गाड्या बाजारात आल्या: क्रमांक १ रोलर, २ डंपर, ३ सिमेंट मिक्सर. क्रमांक ५ लंडनची लाल बस. म्हणजे तुमच्या बसचा ५ हा क्रमांक या मालिकेच्या जन्मापासूनचा आहे. मधल्या काळात बसचं मॉडेल बदलत गेलं, पण १९६९ पर्यंत ५ म्हणजे बस हे समीकरण टिकलं होतं.

आता बस आणि लोटस शेजारी शेजारी ठेवा. खरी बस खऱ्या लोटसच्या दुपटीहून लांब, पण इथे दोघींची लांबी जवळपास सारखी. कारण प्रमाण गाडीवरून ठरतच नव्हतं, ते खोक्यावरून ठरत होतं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्या १९३० च्या दशकापासून चालत आलेल्या, साधारण १:४३ च्या प्रमाणातल्या. त्या मोठ्या आणि वाढदिवसाला मिळायच्या. मॅचबॉक्स गाडी पोराला आपल्या खाऊच्या पैशातून घेता यायची. सुरुवातीला खेळण्यांच्या दुकानदारांना एवढीशी वस्तू विकायला ठेवणं कमीपणाचं वाटलं, पण पोरांनी तो प्रश्न महिन्याभरात सोडवला.

या सगळ्यामागचं तंत्र थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यावाचून लेस्नीचं यश कळत नाही.

आधी खऱ्या गाडीची मापं आणि फोटो घेऊन मोठं रेखाचित्र काढत. त्यावरून हव्या त्या मापाच्या कित्येक पट मोठा नमुना बनवत. मग पँटोग्राफ मिलिंग मशीन. याच्या एका दांड्याला बोथट सुई असते, ती मोठ्या नमुन्यावरून फिरवायची. दांड्यांची रचना अशी की दुसऱ्या टोकाचा कटर तीच हालचाल लहान करून पोलादात कोरतो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, येण्याआधी आम्हीही असंच काम केलं. यातली खुबी अशी की नमुना मोठा असल्यामुळे हाताची चूकही लहान होत जाते. नमुन्यावर एक मिलिमीटर हुकलं तर साच्यात पाव मिलिमीटर हुकतं. त्यामुळेच तुमच्या बसच्या पुढच्या जाळीतल्या उभ्या रेघा अजून मोजता येतात.

धातू म्हणजे जस्त आणि त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. ब्रिटनमध्ये याला मॅझॅक म्हणत, आपण झामॅक म्हणतो. हा सुमारे ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो. ॲल्युमिनियमच्या मानाने हे इतकं कमी आहे की साच्याच्या पोलादाला फारसा त्रास होत नाही, आणि एक साचा लाखो तुकडे देतो. बारीक नक्षीत धातू सहज शिरतो, भिंत जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची ठेवता येते. साचा महाग, पण तो लाखोंवर वाटला की एका गाडीच्या वाट्याला येणारा त्याचा खर्च नगण्य. म्हणजे खप अफाट असेल तरच हा धंदा फायद्यात, आणि खप अफाट व्हायचा तर किंमत अगदी कमी हवी. ओडेलने कास्टिंगची यंत्रंही स्वतःच आखून आपल्या कारखान्यात बनवली, बाजारातली घेतली नाहीत. ओतणं, गेट (धातू आत शिरतो त्या वाटेचा चिकटून राहिलेला तुकडा) तोडणं, ट्रम्मेलमध्ये म्हणजे फिरत्या पिंपात घोळवून फ्लॅश (कडेला आलेला पातळ जादा धातू) काढणं, रंग, जोडणी, शेवटी आसाचं टोक ठोकून बंद करणं, सगळं त्या एका गणितासाठी बेतलेलं.

विक्रीची बाजू सुरुवातीला मोको नावाच्या वितरकाकडे होती. मोसेस कोनस्टाम या जर्मन खेळणी व्यापाऱ्याच्या नावातली आद्याक्षरं घेऊन बनलेलं हे नाव, म्हणून जुन्या खोक्यांवर मोको आणि लेस्नी अशी दोन्ही नावं दिसतात. तुमच्या ट्रंकेत असं खोकं निघालं तर ते १९५० च्या दशकातलं समजा. १९५९ मध्ये लेस्नीने मोकोचा हिस्सा विकत घेतला आणि मॅचबॉक्स हे नाव पूर्णपणे आपलं केलं. त्याआधी, १९५६ मध्ये, जुन्या काळच्या वाहनांची 'मॉडेल्स ऑफ यस्टरइयर' मालिका सुरू झाली होती. ती मोठ्या माणसांनी शोकेसमध्ये ठेवायला घेतली. १९६० मध्ये कंपनीचे शेअर्स बाजारात आले.

पूर्व लंडनमध्ये हॅकनीला, ली नदीच्या काठी मोठा कारखाना उभा राहिला. हजारो माणसं कामाला, त्यात जोडणीच्या पट्ट्यांवर आणि रंगकामात बहुतांश बायका. कामगारांना आणायला-सोडायला कंपनीच्या स्वतःच्या बसेस होत्या. म्हणजे तुमच्या बसची जोडणी करणारी बाई बहुधा तशाच एका डबलडेकरमधून कामाला आली असेल, हा विचार मला नेहमी हलवून जातो. १९६० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला दहा कोटींहून जास्त गाड्या निघत होत्या. १९६८ मध्ये लेस्ली स्मिथ आणि जॅक ओडेल दोघांनाही ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

आणि त्याच १९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स नावाच्या छोट्या गाड्या बाजारात आणल्या.

आता एक प्रयोग करा. गुळगुळीत फळी किंवा काचेचा तुकडा घ्या, त्यावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करा आणि एक टोक हळूहळू उचला. लोटस आधी सुटेल, बस नंतर. आस गंजले नसतील तर हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. आता दोन्ही उलट्या करून आस बघा. बसचा आस जाड, लोटसचा तारेसारखा बारीक. चाक फिरताना घर्षण जिथे होतं ती जागा म्हणजे आसाचा घेर. घेर जितका मोठा, तितकं घर्षण चाकाला जास्त लांबीवर अडवतं. म्हणून बारीक आस जास्त मोकळा फिरतो. मॅटेलने नेमकं हेच केलं होतं: तारेसारखे बारीक आस, चाकाच्या आत निसरड्या प्लास्टिकचं बेअरिंग, थोडी लवचिक सस्पेन्शन आणि सोबत नारिंगी रंगाचा ट्रॅक. त्यांच्या गाड्या खऱ्या गाड्यांसारख्या नव्हत्याच. भडक चकाकते रंग, जाड चाकं, मागून उचललेली ढब. पण ढकलली की खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला.

लेस्नीची गाडी बघण्याची होती, हॉट व्हील्स पळवण्याची. गाडीचं अंग हुबेहूब असणं हाच दर्जा, असं लेस्नीचं टूलरूम पंधरा वर्षं मानत आलं होतं. त्यांचं सगळं कसब अंगात ओतलेलं होतं. आस म्हणजे त्यांच्या लेखी चाक निखळू नये म्हणून घातलेला खिळा. टूलरूमचा माणूस म्हणून ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते, कारण ती आमच्या धंद्यातल्या माणसांची चूक आहे. साच्यात जे येतं ते आम्ही शंभर वेळा तपासतो. साच्याबाहेर, जोडणीच्या टेबलावर जे घातलं जातं, त्याकडे खरेदी विभागाची बाब म्हणून बघतो. पोरानं मात्र गाडी आधी ढकलून बघितली.

अमेरिका लेस्नीची फार मोठी गिऱ्हाईक होती आणि तिथली विक्री कोसळली. उत्तर द्यायला कंपनीने उशीर लावला नाही, हे तिचं श्रेय. १९६९ पासून 'सुपरफास्ट' गाड्या यायला लागल्या: बारीक आस, निसरडी चाकं. तुमची लोटस त्यातल्या पहिल्या काहींपैकी. ती आधी निळ्या रंगात आली, मग तुमच्यासारखी गुलाबी. दारं उघडतात, बघा. पण सुपरफास्ट म्हणजे एका रात्रीत चाक बदलून होणारी गोष्ट नव्हती. पंच्याहत्तर गाड्यांचे साचे चालू होते. बारीक आस बसवायचा तर खालच्या तळाचा साचा बदलायचा, रुंद चाक बसवायचं तर मडगार्डची कमान मोठी करायची, म्हणजे अंगाच्या साच्यातही कापाकापी. कडक केलेल्या पोलादावर हे काम म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. त्यातून त्या दोन-तीन वर्षांत काही विचित्र गाड्या जन्मल्या: सोज्वळ कौटुंबिक मोटारींना शर्यतीची चाकं. संग्राहक आज त्याच संक्रमणकाळातल्या गाड्या शोधत असतात.

बसचं काय करणार? डबलडेकर कितीही पळवली तरी ती ट्रॅकवर शोभणार नाही. ती यादीतून गेली आणि तिचा जुना क्रमांक शर्यतीच्या गाडीला मिळाला. सुपरफास्ट चाकांवरची लंडनची बस नंतर १९७२ मध्ये क्रमांक १७ वर परत आली, पण ते वेगळं मॉडेल. म्हणून म्हटलं की तुमच्या दोन पाच नंबरांच्या मध्ये लेस्नीचं सगळ्यात कठीण वर्ष बसलेलं आहे.

तर मग हॉट व्हील्सने लेस्नीला बुडवलं का? बरेच जण तसं सांगतात. मला ते पटत नाही. १९७० च्या दशकात कंपनी सावरली. सुपरफास्ट चालल्या. तिने १९७७ मध्ये अमेरिकेतली व्होग ही बाहुल्यांची कंपनी घेतली, प्लास्टिकच्या जोडणीच्या किट काढल्या, १९७८ मध्ये अमेरिकेतलीच एएमटी ही किटवाली कंपनी घेतली. हे सगळे निर्णय शहाणपणाचे होते असं नाही. जस्ताच्या साच्यातलं कसब बाहुल्यांच्या कामाचं नाही, आणि बाहेरच्या कंपन्या घेण्यात पैसा अडकला. तरी तेवढ्याने कंपनी मेली नसती.

तुम्ही १९७९ ते १९८३ या चार वर्षांकडे बघा. नोव्हेंबर १९७९ मध्ये लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना बंद झाला आणि त्याबरोबर डिंकी गेली. जानेवारी १९८१ मध्ये एअरफिक्स दिवाळखोरीत. ११ जून १९८२ ला लेस्नी. ऑक्टोबर १९८३ मध्ये मेटॉय, म्हणजे वेल्समधल्या स्वॉन्सीला कॉर्गी गाड्या बनवणारी, जेम्स बाँडच्या ॲस्टन मार्टिनचं खेळणं जगभर विकणारी. प्लास्टिकची विमानं करणारा, मोठ्या मोटारी करणारा, छोट्या मोटारी करणारा, सगळे एकापाठोपाठ. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या होत्या. समान होतं ते बाहेरचं हवामान. १९७९ च्या अखेरीला ब्रिटनमधला व्याजदर १७ टक्क्यांवर गेला. उत्तर समुद्रातल्या तेलामुळे आणि त्या व्याजदरामुळे पौंड इतका चढला की १९८० च्या शरदात त्याला २.४० डॉलर पडत होते. परदेशी विक्रीवर जगणाऱ्या कारखान्याला पौंड चढणं म्हणजे आपला माल रातोरात महाग होणं. घरच्या बाजारात मंदी. खेळण्यांचा धंदा तर असा की वर्षभर कर्जावर माल बनवायचा आणि नाताळला पैसे मिळायचे, तेव्हा व्याज थेट पोटावर येतं. त्याच वेळी हाँगकाँगमध्ये तसंच डायकास्टिंग कितीतरी कमी मजुरीत होऊ लागलं होतं. हॉट व्हील्सने लेस्नीची गंगाजळी आटवली, नंतरचा दुष्काळ मात्र वेगळ्याच कारणांनी आला, असं मी म्हणेन.

नाव आणि साचे हाँगकाँगच्या युनिव्हर्सल कंपनीने विकत घेतले. उत्पादन हळूहळू मकाऊला गेलं, नंतर चीन आणि थायलंडला. १९९२ मध्ये मॅचबॉक्स टायको कंपनीकडे गेली आणि १९९७ मध्ये टायकोच मॅटेलने घेतली. म्हणजे आज आपल्याकडच्या दुकानात हॉट व्हील्सशेजारी मॅचबॉक्स लटकलेली दिसते ती एकाच घरची. हॅकनीचा कारखाना पाडला, तिथे आता 'मॅचमेकर्स व्हार्फ' नावाची निवासी वसाहत आहे. ओडेलने मात्र हार मानली नाही. लेस्नी बुडाल्यावर साठी ओलांडलेल्या या माणसाने काही यंत्रं-साचे घेऊन एन्फील्डला नवी कंपनी काढली, आडनाव उलटं करून नाव ठेवलं 'लेडो'. इंग्रजी स्पेलिंग उलटं लिहिलं की तेच होतं. साचे कोरणाऱ्या माणसाने आपलं नावही आरशातून वाचलं. २००७ मध्ये तो गेला.

भारताशी थेट संबंध विचाराल तर तो लेस्नीपेक्षा डिंकीचा. डिंकीचे काही जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याला आले आणि तिथे 'निकी टॉईज' नावाने गाड्या निघाल्या. ट्रंकेत जरा मोठी, ओबडधोबड रंगाची आणि डिंकीसारखी दिसणारी गाडी असेल तर तिचं पोट नीट वाचा, ती इथली असू शकते.

पोट वाचताना आणखी दोन गोष्टी. 'लेस्नी' आणि 'इंग्लंड' दोन्ही असेल तर गाडी कंपनी बुडायच्या आधीची. 'मकाऊ', 'चायना' किंवा 'थायलंड' असेल तर नंतरची. आणि तळावर एखादं साल असेल, तुमच्या लोटसवर १९६९ असेल, तर ते साच्याच्या आराखड्याचं साल. गाडी त्यानंतर कित्येक वर्षं त्याच साच्यातून निघत राहिलेली असू शकते. इंटरनेटवर 'पन्नास वर्षं जुनी' म्हणून विकल्या जाणाऱ्या निम्म्या गाड्यांचं वय असंच फुगवलेलं असतं.

आता रंगाचं. मारू नका. हात जोडून सांगतो. कारखान्याचा मूळ रंग, कितीही टवके उडालेला असो, एकदा गेला की परत येत नाही. आणि नवा रंग कितीही चांगला मारला तरी त्याचा थर जाड बसतो, ओडेलच्या टूलरूमने कोरलेल्या त्या जाळीच्या रेघा बुजतात. किमतीच्या दृष्टीनेही तोटाच. या दोन्ही गाड्या लाखांनी निघाल्या, त्यामुळे त्या विकून घर होणार नाही, पण मूळ रंगातली खेळलेली गाडी नव्या रंगातल्या गाडीपेक्षा संग्राहकाला नेहमी जास्त हवी असते. थिनर, पितळ चमकवायचं पॉलिश, चिंच, यातलं काहीही लावू नका. कोमट पाण्यात थेंबभर साबण, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा, आणि बसच्या बाजूच्या जाहिरातीला पाणी लावू नका, ती निघून येईल. मग पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. आसाच्या टोकाला गंज असेल तर तो खरवडू नका, तिथेच रंगाचा पहिला टवका उडतो.

रत्नागिरीच्या पावसाळ्यात जस्ताला खरा धोका दमटपणाचा. धातूत शिशाचा अंश शिरला असेल तर दमट हवेत तो कणाकणांच्या सीमेवरून आतून कुजतो, फुगतो, तडकतो. माझ्याकडे युद्धापूर्वीची एक ब्रिटिश खेळण्यातली गाडी आली होती. तिचं मडगार्ड पहिल्या पावसाळ्यात वाकलं, दुसऱ्यात बिस्किटासारखं तुटून हातात आलं. त्यावर इलाज नाही. लेस्नीच्या गाड्यांत हा रोग क्वचित दिसतो, कारण त्यांचा धातू शुद्ध होता. तरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात का ते वर्षातून एकदा बघा. बबल रॅपमध्ये किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, रंगावर त्याचे फोड उठतात. सुती कापड, पत्र्याचा किंवा काचेचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदला. नातवंडं अगदी लहान असतील तर गाड्या त्यांच्या हातात देऊ नका. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं आणि तीन वर्षांचं पोर गाडी आधी तोंडात घालतं.

आणि खोकी. वडिलांनी गाड्या खोक्यांसकट आणल्या असणार. तुमच्या बसचं मूळ खोकं मिळालं तर त्याची किंमत बसहून जास्तही होऊ शकते. पोरांनी गाड्या सांभाळल्या आणि खोकी फाडली, म्हणून आज गाड्यांपेक्षा खोकी दुर्मिळ. ट्रंकेच्या तळाला जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असेल तर ते उचलून त्याखाली बघा. आमच्याकडे आलेलं एक खोकं असंच चपटं होऊन पेपरखाली चाळीस वर्षं पडलेलं होतं. सापडलं तर चिकटपट्टीने जोडू नका, तसंच सपाट एखाद्या वहीत ठेवा आणि मला फोटो दाखवा.